उद्यानातील कलाकेंद्र : जागेच्या निवडीची समीक्षा (वडखळ–पेण परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

मराठी नाट्यसमीक्षेने संहिता, अभिनय, दिग्दर्शन, नेपथ्य आणि प्रेक्षक या सर्व अंगांचा विचार केला आहे. ज्या वास्तूत हा व्यवहार घडतो तिच्या अंतर्गत रचनेविषयीही, म्हणजे ध्वनियोजना, रंगमंचाची खोली, आसनव्यवस्था यांविषयी, वेळोवेळी लिहिले गेले आहे. मात्र ती वास्तू गावात नेमकी कोठे उभी राहिली, तेथे आधी काय होते आणि ती जागा कोणी व कशी ठरविली, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेत क्वचितच येतो. तो नगररचनाकाराचा, अभियंत्याचा किंवा लोकप्रतिनिधीचा प्रश्न मानला जातो. भूमिपूजन झाल्यानंतरच साहित्यिक, कलावंत व प्राध्यापक यांना निमंत्रण मिळते. तोपर्यंत सर्वांत महत्त्वाचा निर्णय होऊन गेलेला असतो.

सांस्कृतिक केंद्रासाठी जागा शोधताना स्थानिक संस्थांची दृष्टी बहुधा सार्वजनिक उद्यानाकडे किंवा मैदानाकडे वळते. त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. ती जमीन आधीच सार्वजनिक मालकीची असते, भूसंपादनाचा खर्च व विलंब टळतो, जागा सर्वांना माहीत असते आणि हिरवळीच्या पार्श्वभूमीवर वास्तू शोभून दिसते. पण मोकळी जागा ‘रिकामी’ असते हे गृहीतक तपासून पाहण्याची गरज आहे. सकाळी फिरणारे वृद्ध, दुपारी सावलीला टेकणारे मजूर, संध्याकाळी खेळणारी मुले यांचा त्या जागेवर रोजचा वावर असतो. त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. म्हणून उद्यानात कलाकेंद्र कोठे असावे हे ठरवणे म्हणजे त्या मोकळ्या जागेवर यापुढे कोणाचा, किती वेळ आणि कोणत्या स्वरूपाचा हक्क राहील हे ठरवणे होय. प्रस्तुत लेखात या दृष्टीने महाराष्ट्र व गोव्यातील तीन उदाहरणांची समीक्षा केली आहे आणि त्यांतून निघणारे निकष पेण तालुक्यातील वडखळ परिसराला लावून पाहिले आहेत. येथे कोणत्याही प्रत्यक्ष प्रस्तावाची चर्चा अभिप्रेत नाही. असा प्रस्ताव येईल तेव्हा तो कसा वाचावा, एवढाच हेतू आहे.

दोन कर्तव्ये, एकच भूखंड

प्रश्नाचे मूळ घटनात्मक रचनेतच दिसते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानात बारावी अनुसूची समाविष्ट झाली. तिच्यातील १२ वी नोंद उद्याने, बगिचे, क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुविधांविषयी आहे, तर १३ वी नोंद सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींच्या संवर्धनाविषयी आहे. दोन्ही विषय एकाच नगरपालिकेकडे सोपविले जाऊ शकतात. कागदावर या नोंदी एकाखाली एक शांतपणे नांदतात. जमिनीवर मात्र त्या पुष्कळदा एकाच भूखंडासाठी समोरासमोर येतात.

ग्रामपंचायतींची स्थिती याहून वेगळी आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यांत ग्रंथालये आहेत, सांस्कृतिक कार्ये आहेत, बाजार व जत्रा आहेत. उद्यान किंवा क्रीडांगण हा शब्द मात्र नाही. सामूहिक मत्तांची देखभाल हा शेवटचा विषय त्या उणिवेची काही अंशी भरपाई करतो. तरीही गावाला मोकळी जागा असतेच, तिची वेगळी तरतूद करावी लागत नाही, अशी समजूत या यादीमागे असावी असे वाटते. ज्या काळात गावाभोवती शेते, खळी, गायराने आणि तळ्याचे काठ होते त्या काळी ही समजूत चुकीची नव्हती. महामार्गालगतच्या, झपाट्याने बांधल्या जाणाऱ्या गावांना ती आज लागू पडत नाही. झाडांच्या रक्षणासाठी महाराष्ट्राने १९७५ मध्ये केलेला कायदाही नावाप्रमाणेच नागरी क्षेत्रांपुरता आहे. परिणामी गाव शहरासारखे वाढते, पण त्याच्या मोकळ्या जागेला शहरासारखे संरक्षण मिळत नाही.

न्यायालयांनी या बाबतीत एक दिशा दाखविली आहे. बंगळूर येथे उद्यानासाठी राखीव असलेली जागा खाजगी रुग्णालयासाठी देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ‘बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा’ या खटल्यात अवैध ठरविला. रुग्णालय ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु तिच्या चांगुलपणामुळे उद्यानाचे आरक्षण गौण ठरत नाही, हा त्या निर्णयाचा आशय आपल्या विषयाला जवळचा आहे. सार्वजनिक कलाकेंद्र हे खाजगी रुग्णालयासारखे नाही, ते लोकांसाठीच असते, असा युक्तिवाद येथे करता येईल आणि तो निराधार नाही. म्हणूनच ‘केंद्र हवे की उद्यान’ असा सरधोपट प्रश्न पुरेसा ठरत नाही. केंद्र उद्यानाच्या कोणत्या भागावर आणि कोणत्या अटींवर उभे राहील, हे पाहावे लागते.

भायखळ्याची राणीची बाग : दारातली वास्तू

मुंबईतील भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. त्याच आवारालगत १८७२ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय सुरू झाले. त्याच्या उभारणीसाठी झटलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव १९७५ मध्ये संग्रहालयाला देण्यात आले. या संग्रहालयाचे स्थान अभ्यासण्यासारखे आहे. ते बागेच्या मध्यभागी नाही. रस्त्याच्या बाजूला, बागेच्या प्रवेशाजवळ आहे. संग्रहालय पाहणाऱ्याला बाग तुडवावी लागत नाही आणि बागेत येणाऱ्याला संग्रहालय टाळताही येत नाही, कारण येता-जाता ते दृष्टीस पडते. संग्रहालयाच्या आवारात घारापुरी बेटावरून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. ज्याच्यावरून रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्याच्या एका बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव मिळाले तो हत्ती मुंबईच्या बागेच्या दारात आहे, ही गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या वाचकांना ठाऊक असलेली बरी.

दारातली ही जागा दीडशे वर्षे टिकली, कारण वास्तू आपल्या मर्यादेत राहिली. तिचा विस्तार करण्याचा विचार होतो तेव्हा मात्र मूळ प्रश्न पुन्हा जागा होतो. २०१४ मध्ये संग्रहालयाच्या नव्या दालनासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून स्टीव्हन हॉल या अमेरिकी वास्तुविशारदाचा आराखडा निवडला गेला. त्याआधी, २००७ नंतर, याच उद्यानातील प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणाच्या योजनेला वृक्षप्रेमी नागरिकांनी विरोध केला होता. शहराच्या दाट वस्तीतील जुन्या वनस्पती-उद्यानाचे क्षेत्र आणि त्याचे स्वरूप यांना धक्का लागू नये, हा त्यांचा आग्रह होता. या घटनांवरून एक बोध घेता येतो. उद्यानातील वास्तूची पहिली जागा ठरवताना तिच्या वाढीची दिशाही ठरवून टाकावी लागते. पहिली इमारत लहान असते आणि सर्वांना हवीशी वाटते. तिच्यामागून उपाहारगृह, कार्यालय, वाहनतळ आणि ‘नवे दालन’ येऊ लागते. पहिल्या आराखड्यात सीमारेषा आखलेली नसेल तर पुढच्या प्रत्येक वेळी उद्यानालाच मागे सरावे लागते.

बालगंधर्व रंगमंदिर : शेजाऱ्याची भूमिका

पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला ८ ऑक्टोबर १९६२ रोजी स्वतः बालगंधर्वांच्या हस्ते बसविण्यात आली. जुलै १९६१ च्या पानशेत पुरातून शहर नुकतेच सावरत होते. १५ जुलै १९६७ रोजी बालगंधर्वांचे निधन झाले. २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, रंगमंदिराचे उद्घाटन झाले. रंगमंदिराच्या रचनेत पु. ल. देशपांडे यांनी विशेष लक्ष घातले होते. रंगमंचाच्या जोडीने कलादालनाचीही सोय असल्यामुळे ही वास्तू केवळ नाट्यगृह राहिली नाही, ती शहराचे कलाकेंद्र बनली.

हे रंगमंदिर जंगली महाराज रस्त्यावर, संभाजी उद्यानाच्या शेजारी आहे. येथे ‘शेजारी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. उद्यान आणि रंगमंदिर यांची कालपत्रिका भिन्न असते. उद्यान पहाटे जागे होते व रात्री लवकर बंद होते. रंगमंदिराचा खरा दिवस संध्याकाळी सुरू होतो आणि रात्रीचा प्रयोग संपून नेपथ्य गाडीत भरेपर्यंत चालतो. एकाच दारातून या दोन्हींचा कारभार चालवायचा झाल्यास एक तर उद्यान रात्री उशिरापर्यंत उघडे व असुरक्षित ठेवावे लागते, नाही तर रंगमंदिराला उद्यानाच्या वेळापत्रकात कोंबावे लागते. पुण्यात दोघांना स्वतंत्र दारे मिळाली आणि दोघेही आपापल्या वेळेनुसार जगले. पुण्याच्या सांस्कृतिक जीवनात या परिसराला जे स्थान मिळाले त्याचे काही श्रेय या साध्या विभागणीलाही द्यावे लागेल.

अर्थात हे शेजारपण निर्वेध राहिलेले नाही. जानेवारी २०१७ मध्ये संभाजी उद्यानातील राम गणेश गडकरी यांचा पुतळा उखडून नदीत टाकण्यात आला. ‘राजसंन्यास’ या नाटकातील संभाजी महाराजांच्या चित्रणाला असलेला आक्षेप हे त्यामागचे कारण सांगण्यात आले. या कृतीचे समर्थन करता येत नाही. मात्र उद्यानात ठेवलेले कोणतेही सांस्कृतिक चिन्ह तटस्थ राहत नाही, हे तिने दाखवून दिले. नाट्यगृहात तिकीट काढून जाणारा प्रेक्षक त्या कलाकृतीची निवड करतो. उद्यानात येणाऱ्यापुढे मात्र ते चिन्ह न मागता उभे असते. त्यामुळे मोकळ्या जागेत कोणाची स्मृती ठेवायची याविषयी अधिक व्यापक संमती आवश्यक असते.

२०१८ पासून बालगंधर्व रंगमंदिराच्या पुनर्विकासाचा विषय चर्चेत आला. कलावंतांमध्येच दोन मते पडली. जुनी वास्तू अपुरी आहे, नव्या तांत्रिक सोयींसाठी नवी हवी, असे काहींचे म्हणणे होते; स्मृतीने भरलेली वास्तू पाडण्यास इतरांचा विरोध होता. या वादात बहुतेक शब्द इमारतीवर खर्च झाले. शेजारच्या उद्यानावर, नदीकाठावर आणि रस्त्यावर वाढीव वास्तूचा किती भार पडेल, याची चर्चा तुलनेने कमी झाली. २०२३ मध्ये नदीलगत छत्रपती संभाजी उद्यान नावाचे मेट्रो स्थानकही सुरू झाले. एका चिंचोळ्या पट्ट्यात उद्यान, रंगमंदिर, रस्ता, नदी आणि मेट्रो असे पाच सार्वजनिक हितसंबंध आता एकत्र आले आहेत. त्यांपैकी एकाचाच आराखडा करून भागणार नाही.

कला अकादमी, कांपाल : वाट देणारी वास्तू

पणजीच्या कांपाल भागात मांडवीच्या काठी असलेली कला अकादमीची वास्तू चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांनी रचली. तिचे काम १९८३ मध्ये पूर्ण झाले. तेथील मुख्य नाट्यगृह दीनानाथ मंगेशकरांच्या नावाने ओळखले जाते आणि त्याच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांनी रंगविलेले प्रेक्षक बसलेले दिसतात. आकाशाखालच्या मोकळ्या जागेला वास्तूचा अविभाज्य भाग मानणे हे कोरिया यांच्या विचाराचे सूत्र होते. कला अकादमीत ते प्रत्यक्ष अनुभवास येते. रस्त्याच्या बाजूने आत शिरलेला माणूस छताखालच्या मोकळ्या ओवरीतून, कोणतेही तिकीट न काढता, नदीपर्यंत जाऊ शकतो. इमारत ठेंगणी आहे. ती नदीला आडवी येत नाही.

राणीच्या बागेतील संग्रहालय दारात थांबले आणि बालगंधर्व रंगमंदिर शेजारी राहिले; कला अकादमीने वाट दिली. मोकळ्या जागेवर बांधकाम करताना जेवढी जमीन घेतली तेवढी सावली आणि वाट परत द्यावी, ही तिची शिकवण आहे. तिचा दुसरा धडा तितकाच गंभीर आहे. नूतनीकरणाचे काम सुरू असताना जुलै २०२३ मध्ये तिच्या खुल्या रंगमंचावरील छत कोसळले. उत्तम जागा आणि उत्तम आराखडा यांनाही देखभालीची जोड नसेल तर निभाव लागत नाही. ज्या संस्थेला बाग राखण्यासाठी माळी नेमता येत नाही तिने कोट्यवधींचे केंद्र बांधण्यापूर्वी याचा विचार करावा.

जागेच्या निवडीचे निकष

वरील उदाहरणांवरून आणि उपलब्ध नियमांवरून पुढील निकष मांडता येतील.

पहिला निकष काठाचा. केंद्र उद्यानाच्या मध्यभागी न बांधता काठावर बांधावे. मध्यभागाच्या बाजूने असे म्हटले जाते की तेथे वास्तू उठून दिसते, रस्त्याच्या आवाजापासून दूर राहते आणि सर्व दिशांनी सारख्या अंतरावर असते. हे खरे आहे. पण मध्यभागी बांधलेल्या इमारतीपर्यंत गाडीचा रस्ता न्यावा लागतो. तो उद्यानाचे दोन तुकडे करतो आणि उरलेली जागा इमारतीच्या भोवतीचे अंगण होऊन बसते. मोकळेपणाचे मोल क्षेत्रफळाबरोबरच सलगतेवरही अवलंबून असते.

दुसरा निकष पाठीचा. प्रत्येक नाट्यगृहाला एक दर्शनी बाजू असते आणि एक पाठ असते. नेपथ्याची गाडी, जनित्र, पाण्याची टाकी, स्वच्छतागृहांचे निचरे हे सर्व पाठीकडे येते. आराखड्याच्या रंगीत चित्रात दर्शनी बाजूच दाखविली जाते. ही पाठ मुलांच्या खेळाच्या जागेकडे किंवा लगतच्या वस्तीकडे केलेली आहे का, हे प्रथम पाहावे. पाठीशी अग्निशमनाचाही संबंध आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली ती १९१५ ची वास्तू खासबाग कुस्ती मैदानाला लागून होती. त्यापूर्वी जून २०२२ मध्ये आपल्या जिल्ह्यात अलिबाग येथील पीएनपी नाट्यगृहालाही आग लागून मोठी हानी झाली. अग्निशमन बंब वास्तूच्या सर्व बाजूंनी फिरू शकेल इतकी वाट ठेवायची तर तीही मोकळ्या जागेतूनच जाणार. ती आराखड्यात आरंभीच मोजली पाहिजे.

तिसरा निकष आवाजाचा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकावर निर्बंध आहेत. सभागृहासारख्या बंदिस्त जागेतील अंतर्गत वापराला त्यातून वगळले आहे. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचे किमान १०० मीटरचे क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये दादरच्या शिवाजी पार्कला शांतता क्षेत्र मानल्यानंतर तेथील सभा व सोहळ्यांचे सर्व गणित बदलले. शाळेच्या मैदानालगत खुला रंगमंच बांधणाऱ्याने हा अनुभव लक्षात ठेवावा.

चौथा निकष पाण्याचा आणि पाचवा आजच्या वापराचा. सखल भागात भराव टाकून इमारत उंच केली की तेथील पाणी उरलेल्या मैदानात किंवा शेजारच्या घरांत जाते. आजचा वापर मोजण्यासाठी कोणत्याही महागड्या सल्लागाराची गरज नाही. आठवड्याचे सात दिवस, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि पावसाळा व उन्हाळा अशा दोन ऋतूंत मैदानावर कोण कोठे असते याची नोंद करणे पुरेसे आहे. महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी हे काम सहज करता येण्यासारखे आहे.

वडखळ–पेण परिसर

वडखळ हे मुंबई–गोवा महामार्गावरून अलिबागचा रस्ता जेथे फुटतो तेथील गाव. शेजारी डोलवीचा पोलाद कारखाना, पश्चिमेस धरमतरची खाडी, भोवती खारजमिनी. महामार्गाच्या पनवेल–इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि दशकाहून अधिक काळ रखडले. त्या काळात रस्त्यालगतच्या गावांची दुकाने, घरे आणि वहिवाटीच्या वाटा पुनःपुन्हा सरकल्या. अशा गावात देवळासमोरचे अंगण, शाळेचे मैदान आणि तळ्याचा काठ एवढीच मोकळी जागा हाती उरते. कबड्डीचे सामने, नवरात्र, लग्नाचा मांडव आणि मुलांचे क्रिकेट त्याच जागेवर आळीपाळीने होतात. तिला कोणी उद्यान म्हणत नाही, पण उद्यान आणि कलाकेंद्र ही दोन्ही कामे ती करीतच असते.

येथे वरील निकष लावले की काही गोष्टी स्पष्ट होतात. काठ निवडायचा तो महामार्गाचा नसावा. शहरात हमरस्त्याचा काठ प्रेक्षकाला सोयीचा असतो; वडखळसारख्या नाक्यावर अवजड वाहनांचा आवाज आणि धूळ यांमुळे तो कलाकाराला व पायी येणाऱ्याला अडचणीचा ठरतो. गावातील अंतर्गत रस्त्याचा, एस. टी. थांब्यापासून चालत येता येईल असा काठ योग्य. महामार्गाच्या दिशेने वाढायचेच असेल तर वाहनतळ, कोठार अशा खोल्यांची ओळ त्या बाजूस ठेवून सभागृहाला आवाजापासून आडोसा करता येईल. खारजमिनीतील भरावाबाबत विशेष सावधगिरी हवी. धो-धो पावसाच्या या पट्ट्यात उघाडीतून पाण्याचा निचरा कसा होतो हे गावातील वृद्ध शेतकरी अभियंत्याइतकेच जाणतात. खाडीकाठची तिवरांची जागा ‘मोकळी’ समजण्याची चूक कोणीही करू नये.

यानंतर केंद्रात काय असावे हा प्रश्न येतो आणि तो जागेशी जोडलेला आहे. आपल्याकडे कलाकेंद्र म्हटले की मुंबई-पुण्याच्या धर्तीचे हजार आसनांचे नाट्यगृह डोळ्यांसमोर येते. या परिसराच्या कलांची गरज वेगळी आहे. आगरी लग्नातील धवळे मांडवात, घरात गायले जातात. धवलारणीला पडद्याची व रंगमंचाची गरज नाही. तिचे गाणे ध्वनिमुद्रित करून ठेवणारी आणि पुढच्या पिढीला शिकविणारी एक शांत खोली मात्र तिला हवी. बाल्या नाचाला अंगण लागते. भजनी मंडळांना सरावाची जागा लागते. पेण शहर आणि हमरापूर, जोहे या गावांतील गणेशमूर्तींचे कारखाने ही या तालुक्याची सर्वांत मोठी चालती कलाशाळा आहे. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर आपली कला कोणत्याही सभागृहात दाखवत नाही. त्याला प्रकाश, कोरडी जागा आणि शिकाऊ मुलांसाठी ओटा हवा. या गरजा लक्षात घेतल्या तर तीन-चारशे माणसांचे सपाट तळाचे सभागृह, दोन कार्यशाळा, एक ध्वनिमुद्रण कक्ष आणि रुंद ओसरी इतके पुरे. अशी वास्तू मैदानाच्या कडेला मावते. मोठ्या नाट्यगृहाचा हट्ट धरला तर मैदानच त्याच्या पोटात जाते. जागा आणि कार्यक्रम यांचा विचार एकत्र करावा लागतो तो यासाठी.

निर्णय कोणी घ्यावा? शहरात विकास आराखड्यातील बदलासाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार हरकती व सूचना मागवाव्या लागतात. गावात ग्रामसभा आहे. जमिनीविषयी लोकांना थेट विचारण्याचा प्रसंग या तालुक्याने पाहिलेला आहे. सप्टेंबर २००८ मध्ये महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन देण्याच्या प्रश्नावर पेण तालुक्यात, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत, प्रशासनाने शेतकऱ्यांचे मत अजमावले होते. हजारो एकरांच्या प्रश्नावर जे होऊ शकले ते एका मैदानाच्या प्रश्नावर होण्यास हरकत नसावी. मात्र ग्रामसभेपुढे एकच तयार चित्र ठेवून हात वर करण्यास सांगणे म्हणजे विचारणे नव्हे. किमान दोन-तीन पर्यायी जागा, प्रत्येकीमुळे जाणारी झाडे, मिळणारी सावली, लागणारा भराव आणि वार्षिक देखभालीचा खर्च हे सर्व मराठीत, साध्या नकाशासह, आधी लावले पाहिजे. चुन्याने जमिनीवर प्रत्यक्ष आखणी करून ती आठवडाभर राहू द्यावी. कागदावर लहान दिसणारी इमारत मैदानावर किती जागा खाते हे मुलांना त्या आठवड्यातच कळते. मुलांना आणि बायकांना ग्रामसभेत बोलण्याची संधी क्वचित मिळते; चुन्याच्या रेषेविषयी त्या मैदानावरच बोलतील.

समारोप

सार्वजनिक उद्यानात कलाकेंद्र उभारणे मुळातच चूक आहे असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे नाही. राणीची बाग, संभाजी उद्यान आणि कांपाल येथे बाग व कला एकमेकींच्या आधाराने दीर्घकाळ राहिल्या आहेत. जेथे वास्तूने दार, शेजार किंवा वाट यांची मर्यादा पाळली तेथे हे साधले. जेथे विस्ताराची सीमा अनिश्चित राहिली किंवा देखभाल तुटली तेथे वाद आणि हानी पदरी आली. वडखळसारख्या गावात हा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण तेथे मोकळ्या जागेला ना अनुसूचीत नाव आहे, ना आराखड्यात ठळक रेषा. ती फक्त लोकांच्या सवयीत आहे. सवय लेखी नसल्यामुळे ती मोडणे सोपे असते आणि एकदा बांधकाम झाल्यावर ती परत येत नाही.

येथे महाविद्यालयीन शिक्षकांची भूमिका महत्त्वाची ठरते. भूगोल विभागाला उतार व निचरा मोजता येतो, समाजशास्त्राला वापराची नोंद ठेवता येते, वनस्पतिशास्त्राला झाडांची गणना करता येते, वाणिज्य विभागाला देखभालीचा ताळेबंद मांडता येतो आणि मराठी विभागाला कोणत्या कलेला कोणती जागा लागते हे सांगता येते. बहुविद्याशाखीय म्हणून आपण ज्या अभ्यासाचा पुरस्कार करतो त्याला गावाच्या मैदानाइतका जवळचा विषय दुसरा नाही. उद्घाटनाच्या व्यासपीठावर खुर्ची मिळण्याची वाट न पाहता, चुन्याची पहिली रेषा पडण्यापूर्वी आपण त्या मैदानावर वही घेऊन उभे राहिलो, तर कलाकेंद्रही बांधले जाईल आणि मुलांचे मैदानही शाबूत राहील.